भाडेकरूचा बारा वर्षांचा दावा: मल्हारगंजच्या वाड्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "आमचा वाडा इंदूरला मल्हारगंजात. आजोबांनी १९६८ च्या सुमारास रस्त्याकडचं दुकान आणि त्यामागची खोली किरायाने दिली. २००८ पासून भाडं आलेलं नाही. तेव्हा ते महिना तीनशे रुपये होतं. वडील आजारी असायचे, त्यांनी मागितलं नाही. आता वडील गेले. मी नोटीस पाठवली, तर किरायेदाराच्या नातवाचं वकिलामार्फत उत्तर आलं की बारा वर्षांहून जास्त काळ ते मालक म्हणून राहताहेत, जागा त्यांचीच झाली, आणि आम्ही काही केलं तर ते स्टे आणतील. नगर निगमाच्या (महापालिकेच्या) खात्यात अजून आजोबांचं नाव आहे. काका पुण्याला असतात, त्यांना येणं जमणार नाही. शिवाय परसात शेजाऱ्याने २०१५ मध्ये पत्र्याची शेड टाकली आहे. आमची जागा गेली का? आणि असा कायदा मुळात आहेच कशाला?"

दुकान गेलेलं नाही. २००८ पासून भाडं दिलं नाही म्हणून भाडेकरू मालक होत नाही. परसातल्या शेडची मात्र मला खरी काळजी वाटते. तुमच्या प्रश्नात शेड शेवटी एका वाक्यात आली आहे, पण मुदत खरोखर चालू आहे ती तिथे. दोन्हींमधला फरक नीट कळला तर पुढे काय करायचं ते तुम्हालाच दिसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारा वर्षं हा आकडा मुदत कायदा, १९६३ मधून आला आहे. त्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकीच्या आधारे ताबा परत मागायचा असेल, तर समोरच्याचा ताबा मालकाच्या विरोधात गेल्यापासून बारा वर्षांत दावा लावावा लागतो. नाही लावला, तर कलम २७ प्रमाणे दाव्याची मुदत तर जातेच, मालकाचा त्या जमिनीवरचा हक्कही संपतो. सरकारी जमिनीसाठी हीच मुदत तीस वर्षांची आहे. इथवर किरायेदाराच्या वकिलाने चूक काही लिहिलेलं नाही. त्यांनी सोडून दिलेला भाग असा, की बारा वर्षं मोजायला सुरुवात व्हायची तर आधी ताबा मालकाच्या विरोधात जायला हवा. तुमच्या आजोबांनी हाताने कुलूप उघडून ज्याला आत घेतलं, त्याचा ताबा परवानगीचा आहे. परवानगीचा ताबा दहा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, नुसता काळ लोटल्याने तो विरोधी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे कितीतरी निकालांत सांगितलं आहे. जानेवारी २०२४ च्या ब्रिजनारायण शुक्ला प्रकरणात पुन्हा म्हटलं, की भाडेकरूचा ताबा परवानगीचा असल्याने तो घरमालकाविरुद्ध प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे विरोधी ताब्याने मालक झाल्याचा, दावा करू शकत नाही.

म्हणून अशा प्रत्येक प्रकरणात मी आधी एकच गोष्ट विचारतो: हा माणूस आत आला कसा? किती वर्षं झाली हा प्रश्न त्यानंतरचा. दार उघडून घेतलेला आणि भिंत ओलांडून आलेला, या दोघांना कायदा वेगवेगळ्या मापाने मोजतो. बापाच्या जागी मुलगा आणि मुलाच्या जागी नातू आला म्हणून त्या ताब्याची जात बदलत नाही. किरायेदाराचे आजोबा ज्या नात्याने बसले, त्याच नात्याने नातू बसला आहे.

याच्या जोडीला साक्षीपुराव्याच्या कायद्यातला एक जुना नियम आहे. भाडेकरू म्हणून ताबा घेतलेल्या माणसाला ती भाडेदारी चालू असताना असं म्हणता येत नाही, की ज्याने मला जागा दिली त्याची त्या जागेवर सुरुवातीलाच मालकी नव्हती. १८७२ च्या कायद्यात हे कलम ११६ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२२ आहे. १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे स्पष्ट शब्दांत मांडलं, आणि आजही न्यायालयं त्याचाच दाखला देतात: घरमालकाची मालकी कितीही सदोष असो, भाडेकरूने आधी जागा उघडपणे मालकाच्या हाती परत द्यावी, मग वाद घालावा. तुमच्या किरायेदाराने दुकान खाली करून किल्ल्या दिल्या, मग काही काळाने स्वतःच्या हिमतीवर पुन्हा आत शिरला, असं काही घडलेलं नाही. तो सलग तिथेच आहे, आणि तेच त्याच्या दाव्याला मारक आहे.

अलीकडे मोबाइलवर एक निरोप फार फिरतो, की बारा वर्षं राहिलेला भाडेकरू मालक होतो असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्याचं मूळ ऑगस्ट २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालात आहे. त्यात प्रश्न वेगळाच होता. प्रतिकूल ताबा हा बचाव म्हणूनच घेता येतो, की त्याच्या आधारे स्वतः दावाही लावता येतो? न्यायालयाने सांगितलं, दावाही लावता येतो. प्रतिकूल ताबा सिद्ध कसा करायचा याच्या अटी तिथे सैल झाल्या नाहीत, आणि भाडेकरूला नवा हक्क तर मुळीच मिळाला नाही. अटी त्याच आहेत: ताबा उघड हवा, सलग हवा, खऱ्या मालकाला कळेल असा हवा आणि त्याचा हक्क नाकारणारा हवा. कोणत्या तारखेला, कोणत्या कृतीने तो विरोधी झाला, हे दावेदाराने सांगायला हवं. २००४ च्या कर्नाटक वक्फ बोर्डाच्या निकालात या सगळ्या बाबी एकेक करून मांडल्या आहेत. तुमच्याकडे आलेल्या उत्तरात अशी तारीख आहे का, ते बघा. बहुतेक नसेल. "बारा वर्षांहून जास्त" एवढंच मोघम असेल, आणि ते पुरत नाही.

"त्यांनी भाडं दिलं नाही, आम्ही मागितलं नाही" ही गोष्टही विरोधी ताबा ठरत नाही. भाडं न देणं ही थकबाकी. तिच्यामुळे भाडेकरूपण संपत नाही. वडील आजारपणात गप्प राहिले म्हणून त्यांनी हक्क सोडला, असंही होत नाही. याबद्दल तुम्ही मनाला लावून घेतलेलं दिसतं. तसं करू नका. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये नाती पिढ्यांची असायची, आणि भाडं मागायला संकोच वाटणारे मालक मी खूप पाहिले आहेत.

आता कोर्टात खरी लढाई कशावर होईल ते सांगतो. कायद्यावर होणार नाही, कारण तो तुमच्या बाजूने आहे. ती होईल "भाडेदारी होती" हे सिद्ध करण्यावर. किरायेदाराचा चांगला वकील असेल तर उद्या लेखी उत्तरात तो एवढंच म्हणेल, की आमचे आजोबा इथे भाडेकरू म्हणून कधी आलेच नाहीत, जागा रिकामी होती, आम्ही बसलो. हे चाललं, तर परवानगीचा ताबा हा तुमचा पाया हलतो आणि बारा वर्षांचा हिशेब सुरू होतो. म्हणून पहिलं काम कागद शोधण्याचं, आणि ते पुढची नोटीस देण्याच्या आधीचं.

माळ्यावरच्या पेट्या उघडा. आजोबांच्या रसीदबुकाचे अर्धे तुकडे, भाड्याच्या जमाखर्चाची वही, मनीऑर्डरचे कूपन, किरायाची चिठ्ठी, काहीही चालेल. रसीदबुकात भाडेकरूची सही असलेला एक तुकडा सापडला तरी त्याचं मोल फार मोठं आहे. किरायाची चिठ्ठी नोंदणी केलेली नसेल तर ती भाड्याच्या मुदतीचा पुरावा होणार नाही, पण ताबा कोणत्या नात्याने मिळाला एवढं दाखवायला ती वापरता येते. मात्र मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. नसेल तर शुल्क आणि दंड भरून आधी ती दुरुस्त करून घ्यावी लागते. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून, म्हणजे तुमच्याच घरातल्या ताब्यातून आला, तर त्यावरच्या सह्या खऱ्या आहेत असं न्यायालय गृहीत धरू शकतं. वाड्याचे होळकर काळातले कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून त्यांचं देवनागरी करून ठेवा. दुकानाच्या वादात त्यांची गरज क्वचित लागेल, पण परसाच्या हद्दीसाठी नक्की लागेल.

घरात काही नाही मिळालं, तर किरायेदाराच्याच कागदांकडे वळा. लोक हे विसरतात. दुकानाचं गुमाश्ता लायसन्स (दुकान नोंदणीचा परवाना) काढताना त्याने जागा कोणाची म्हणून लिहिली? विजेच्या जोडणीच्या अर्जाला घरमालकाचं संमतीपत्र लावलं होतं का? जीएसटीची नोंदणी असेल तर तिथे जागा स्वतःची की भाड्याची, हे नोंदवावं लागतं. आयकरात त्याने दुकानभाडं खर्ची टाकलं असेल. यातले काही कागद माहितीच्या अधिकारात मिळतात, खाजगी स्वरूपाचे असतील तर दावा लागल्यावर न्यायालयामार्फत मागवता येतात. नगर निगमाच्या संपत्ती कराच्या जुन्या आकारणी नोंदीही काढा. त्यात पूर्वी मालकाबरोबर भाडेकरूचं नाव आणि भाड्याची रक्कम लिहिलेली असे. १९७० किंवा १९८० च्या दशकातल्या अशा एका नोंदीची प्रमाणित नक्कल हाती असेल, तर "आम्ही कधी भाडेकरू नव्हतोच" हे म्हणणं उभं राहणं कठीण. आणि गल्लीतली वयस्कर माणसं आज साक्षीला आहेत, पाच वर्षांनी असतील असं नाही. त्यांची शपथपत्रं आत्ताच करून घ्या. साक्षीला त्यांना बोलवावं लागेलच, पण त्यांना काय आठवतं ते नक्की कळलेलं बरं.

आता त्याच्या उत्तराची दुसरी बाजू. हे उत्तर लिहून त्याने स्वतःचं मोठं नुकसान करून घेतलं आहे.

इंदूर शहराला मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ लागू आहे. त्यात भाडेकरूला भक्कम संरक्षण आहे: कलम १२(१) मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध झाल्याशिवाय त्याला काढता येत नाही, आणि भाड्याचा करार संपल्यानंतर ताब्यात राहणाराही भाडेकरूच मानला जातो. शेतीसाठी न वापरलेली मोकळी जमीनसुद्धा या कायद्यात "स्थान" धरली जाते, त्यामुळे लाकडाच्या वखारीला दिलेला रिकामा प्लॉटही यात बसतो. एवढं संरक्षण असलेला माणूस उठून म्हणतो, मी भाडेकरू नाहीच, मालक आहे. कलम १२(१)(क) मधलं एक कारण असं आहे, की भाडेकरूने घरमालकाच्या हिताला मोठी बाधा येईल असं कृत्य केलं असावं. कायद्याच्या हिंदी आणि इंग्रजी प्रतींत पोटकलमाचं अक्षर वेगळं दिसेल, पण ते यादीतलं तिसरं कारण. घरमालकाची मालकी नाकारणं यात मोडतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या शीला विरुद्ध फर्म प्रल्हादराय प्रेमप्रकाश या मध्यप्रदेशातल्याच प्रकरणात सांगितलं. त्याच निकालातली मर्यादाही लक्षात ठेवा. भाडेकरूने नुसतं म्हटलं, "तुम्ही आजोबांचे वारस कसे ते दाखवा", तर ते नाकारणं होत नाही. ते विचारायचा त्याला हक्क आहे. भाडेकरूपण झटकून मालकी स्वतःकडे किंवा तिसऱ्याकडे असल्याचं त्याने निःसंदिग्ध म्हटलेलं असावं लागतं. तुम्ही दिलेला मजकूर तसाच असेल, तर ते उत्तर पाकिटासकट जपून ठेवा. ते तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

मला वाटतं, हे किरायेदारांनाही कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. जुन्या किरायेदारांपैकी पुष्कळ जण सरळ माणसं असतात, दुकानावर घर चालतं, आणि काढून टाकतील या भीतीपोटी कोणाच्या तरी सल्ल्याने ते मालकीचा दावा ठोकतात. जो कायदा त्यांना वाचवत होता, त्याचंच छत्र ते स्वतःच्या हाताने बाजूला करतात. थकबाकी भरून दर महिन्याला भाडं जमा करत राहिले असते, तर त्यांना हलवणं मालकाला सोपं नव्हतं.

दावा कसा मांडायचा? थकबाकी हे पहिलं कारण, कलम १२(१)(अ). त्यासाठी मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने कायद्याने वसूल होऊ शकणारी थकबाकी भरलेली नसावी. वसूल होऊ शकणारी, हा शब्द महत्त्वाचा आहे. भाड्याच्या वसुलीची मुदत तीन वर्षं, म्हणून २००८ पासूनचा सगळा हिशेब मागू नका. मागची तीन वर्षं आणि पुढचं चालू भाडं मागा. तुमच्या पहिल्या नोटिशीत रकमेची स्पष्ट मागणी होती का? नसेल, तर नवीन नोटीस द्या आणि दोन महिने थांबा. दावा लागल्यावर समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात भाडेकरूने थकबाकी न्यायालयात भरायची असते आणि पुढे दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत चालू भाडं. हे केलं तर थकबाकीच्या कारणावर तो वाचू शकतो. पण जो मालक असल्याचं सांगतो तो भाडं कसं भरणार? तो भरत नाही, आणि पुढे भाडेदारी सिद्ध झाली तर थकबाकीच्या हुकमापासून त्याला वाचवणारं काही उरत नाही.

दुसरं कारण मालकी नाकारल्याचं. तिसरं, तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला व्यवसायासाठी जागेची खरी गरज असेल तरच, कलम १२(१) मधलं व्यवसायाच्या गरजेचं कारण. गरज नसताना ते घालू नका. उलटतपासणीत खोटी गरज उघडी पडते आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. या तिसऱ्या कारणासाठी तुम्ही मालक आहात हेही दाखवावं लागतं. पहिल्या दोन कारणांसाठी घरमालक असणं पुरतं.

शिवाय दाव्यात पर्यायी मागणी जरूर घाला: भाडेदारी सिद्ध झाली नाही असं न्यायालयाला वाटलं, तरी मालकीच्या आधारे ताबा द्यावा. भाडेकरूला काढण्याच्या दाव्यात कोर्ट फी एका वर्षाच्या भाड्यावर बसते, म्हणजे तुमच्या बाबतीत अगदी किरकोळ. मालकीच्या मागणीवर ती जागेच्या किमतीनुसार बसेल आणि खर्च वाढेल. तरी समोरून मालकीचाच वाद आलेला असताना मी पर्यायी मागणी सोडणार नाही. भाडेदारीचे कागद फारच भक्कम सापडले, तर तुमचे वकील वेगळा सल्ला देतील, तो ऐका.

काकांचं यायचं अडत नाही. एक सहहिस्सेदार बाकीच्यांच्या वतीने भाडेकरूविरुद्ध दावा लावू शकतो, फक्त बाकीच्यांचा त्याला विरोध नसावा. काकांचं संमतीपत्र पुण्यातच करून मागवा. वाड्यात भावकीचे वाद असतील तर ते आधी मिटवा, कारण किरायेदार नेमका तिथेच हात घालतो: नाराज काकांकडून पाच ओळी लिहून घेतो आणि मग तुम्ही वर्षानुवर्षं घरच्यांशीच लढत बसता. निगमाच्या खात्यात आजोबांचं नाव आहे म्हणून दावा अडत नाही. नामांतरणाने मालकी मिळत नाही आणि ते न झाल्याने जातही नाही. तो कर वसुलीचा कागद. तरी वारसांची नावं लावून घ्या, आणि कर तुम्हीच भरत राहा. किरायेदाराने परस्पर कर भरून पावती स्वतःच्या नावाने घेतलेली नाही ना, तेही बघा.

खटला सुरू झाल्यावर समोरून आणखी एक वळण येण्याची शक्यता आहे: "तुमच्या आजोबांनी आम्हाला जागा विकली होती, बयाना दिला होता, ही चिठ्ठी." घाबरू नका. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खताशिवाय होत नाही. आणि आम्ही खरेदीच्या सौद्याने ताब्यात आहोत असं म्हणणारा त्याच तोंडाने प्रतिकूल ताबा म्हणू शकत नाही, कारण सौद्याने मिळालेला ताबा पुन्हा परवानगीचाच होतो. १९९६ साली मोहनलाल विरुद्ध मिर्झा अब्दुल गफ्फार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन बचाव एकमेकांशी विसंगत आहेत असं म्हटलं. चिठ्ठी आली तर तिची मूळ प्रत हजर करायला लावा. कागद, शाई आणि सही तिथेच तपासली जाईल.

स्टेच्या धमकीबद्दल. इंदूरच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हिएट लावून ठेवा, म्हणजे तुमचं न ऐकता एकतर्फी हुकूम व्हायचा नाही. ती नव्वद दिवस चालते, नंतर पुन्हा लावावी लागते. तरी स्टे मिळाला तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच असेल, की कायदेशीर मार्गाशिवाय त्याला बाहेर काढू नये. तुम्ही कायदेशीर मार्गानेच जाणार आहात, तेव्हा त्याने तुमचं काही बिघडत नाही. त्याने आधी दावा लावला तर तुम्ही लेखी उत्तरासोबत प्रतिदावा करा. समन्सनंतर तीस दिवस, फार तर नव्वद दिवस हाताशी असतात. आणि हात जोडून सांगतो, दुकानाला कुलूप लावणं, वीज-पाणी तोडणं, माल बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. असं बेकायदा काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावून ताबा परत घेऊ शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न विचारलाच जात नाही.

भाडेकरूच्या बाबतीत एक खरा धोका आहे तो सांगून टाकतो. मुदत कायद्याचा अनुच्छेद ६७ म्हणतो, की भाडेकरूकडून ताबा परत घ्यायची मुदत भाडेदारी संपल्यापासून बारा वर्षं. १९६१ चा कायदा जिथे लागू नाही, तिथे भाडेदारी संपवल्याची नोटीस द्यायची आणि मग स्वस्थ बसायचं, हे फार महागात पडतं. इंदूर शहरात त्या कायद्यामुळे तुम्ही बरेच सुरक्षित आहात, पण आता समोरच्याने मालकी लेखी सांगितली आहे. इथून पुढे "बघू दिवाळीनंतर" म्हणायचं कारण नाही.

आणि आता शेड. शेजाऱ्याला तुमच्या घराण्यातल्या कोणी परसात बोलावलं नव्हतं. तो स्वतःहून आला, उघडपणे पत्रे टाकले, आणि तुम्हाला ते रोज दिसत होतं. अनुच्छेद ६५ नेमका अशाच ताब्यासाठी आहे. २०१५ मध्ये बारा मिळवा: २०२७. त्यातली नक्की तारीख तुम्हाला आज सांगता येत नसेल, तर शेड २०१५ च्या जानेवारीतच उभी राहिली असं धरूनच चाला. दावा त्या आत न्यायालयात दाखल झालेला हवा. नोटीस दिली, निगमात तक्रार केली, पोलिसांत अर्ज दिला, यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा बालकृष्ण विरुद्ध सत्यप्रकाश हा निकाल मध्यप्रदेशचाच आहे. तिथे मालकाने तहसीलदाराकडून ताबा देण्याचा हुकूमही मिळवला होता, पण तो अंमलात आणला नाही. ताबा प्रत्यक्षात तसाच राहिला, आणि अशा कागदावरच्या हुकमाने प्रतिकूल ताबा खंडित होत नाही असं न्यायालयाने ठरवलं. हुकूम हाती असून जमीन गेली. तुमच्या हाती तर हुकूमही नाही.

म्हणून या आठवड्यात परस मोजून घ्या. सनदेतला किंवा खरेदीखतातला चतुःसीमेचा मजकूर, नझूलचा (शहरातल्या सरकारी जमिनीच्या नोंदीचा) नकाशा आणि निगमाने मंजूर केलेला जुना नकाशा एकमेकांशी ताडून बघा. शेड कधी आली हे दाखवायला उपग्रहाची जुन्या तारखांची छायाचित्रं फार उपयोगी पडतात; ती काढताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत लागेल, हे वकिलांना सांगा. दाव्यात न्यायालयाकडे न्यायालयीन आयुक्त (जागेवर जाऊन पाहणी करणारा न्यायालयाचा प्रतिनिधी) नेमून मोजणी करून घेण्याचा अर्ज करता येतो. दुकान आणि शेड यांचे दावे वेगवेगळे लावा. पक्ष वेगळे, कायदा वेगळा, आणि दुकानाचा निकाल लांबला तर त्यात शेडची मुदत अडकायला नको.

सांवेर किंवा देपालपूरकडे तुमची शेती असेल, तर तिथलं गणित आणखी निराळं आहे. १९५९ च्या मूळ भू-राजस्व संहितेत नियमाबाहेर पट्ट्याने दिलेल्या जमिनीवर कसणाऱ्याला मौरूसी कृषकाचा, म्हणजे संरक्षित कुळाचा, हक्क मिळण्याची तरतूद होती, आणि जुन्या खसऱ्यांमधल्या (शेताच्या नोंदीच्या उताऱ्यांमधल्या) अशा नोंदी अजून वाद उभे करतात. आता बटईने द्यायची असेल तर २०१६ च्या भूमिस्वामी आणि बटाईदार कायद्याप्रमाणे लेखी करार करा, त्याची प्रत तहसीलमध्ये द्या, आणि दरवर्षी खसऱ्याची नक्कल काढून बघा. शेतावर ठेवलेला राखणदार किंवा बंद घरात ठेवलेलं ओळखीचं कुटुंब यांना मात्र कितीही वर्षं राहिलं तरी हक्क येत नाही. २०१२ च्या मारिया मार्गारिडा निकालात हे निःसंशय सांगितलं आहे.

असा कायदा कशाला, हे तुम्ही विचारलंत. हा राग मला समजतो. २००८ मध्ये हेमाजी वाघाजी या गुजरातच्या प्रकरणात खुद्द सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अतार्किक आणि अन्यायकारक असल्याचं म्हणून सरकारला फेरविचार करायला सांगितलं. विधी आयोगाने २०२३ च्या २८० व्या अहवालात मात्र बदलाची गरज नाही असं मत दिलं. माझं मत विचाराल, तर जमिनीकडे अर्ध्या आयुष्यात न फिरकलेल्या माणसाने एक दिवस येऊन तीन पिढ्यांचं घर पाडू नये, एवढ्यापुरता या कायद्याला अर्थ आहे. जाणूनबुजून दुसऱ्याची जागा बळकावणाऱ्याला त्यातून मालकी मिळावी, हे मला आजही पटत नाही.

शेवटी तडजोडीबद्दल, कारण दावा लागला की किरायेदाराकडून तसा निरोप येण्याची शक्यता आहे. आला तर ऐका. भाडं वाढवून तो भाडेकरू म्हणून राहायला तयार असेल, किंवा काही रक्कम घेऊन ठराविक मुदतीत जागा सोडायला तयार असेल, तर दोन्ही मार्ग वर्षानुवर्षांच्या तारखांपेक्षा बरे. पण तडजोड तोंडी किंवा नुसत्या नोटरीवर करू नका. ती दाव्यातच, न्यायालयासमोर किंवा लोक अदालतीत नोंदवा, आणि तिच्या पहिल्या कलमात एवढं स्पष्ट लिहून घ्या, की तो १९६८ पासून तुमच्या आजोबांचा आणि त्यांच्यानंतर त्यांच्या वारसांचा भाडेकरू आहे आणि प्रतिकूल ताब्याचा दावा त्याने मागे घेतला आहे. हे कलम लिहायला तो तयार नसेल, तर बाकीच्या रकमेची बोलणी करू नका.